मिठागरांच्या बांधावरचे हिंवाळी पाहुणे



हिंवाळी पाहुणे म्हटले कीं मुंबईकरांस ठाण्याच्या खाडींतील रोहित पक्षी आठवतात. परंतु त्याच खाडीच्या कांठीं, मुलुंडच्या पूर्वेस, चिमणीएवढे किंवा तिच्याहूनहि लहान असे कित्येक गाणारे पक्षी दरसाल मुक्कामास येतात. त्यांची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं.

मजसारख्या जुन्या शाळामास्तराच्या भाषेंत सांगावयाचें, तर यांतील प्रत्येकाचें बाक ठरलेलें असतें. निळ्या गळ्याचा शंकर पाणकणसाच्या बुडाशीं ओल्या मातींत किडे टिपतो. गप्पीदास मिठागराच्या बांधावरील वाळक्या काडीच्या शेंड्यावर बसतो व तेथून खालच्या किड्यावर झेप घालतो. बोरू-वटवट्या नांवाने बोरूचा, परंतु हिंवाळ्यांत त्यास झुडपांची जाळीच अधिक मानवते. वजन अवघें दहा-बारा ग्रॅम. एवढासा जीव रशियाच्या रानांतून येथवर उडत येतो! हिरवट वटवट्या मात्र झाडावरील पानें तपासीत हिंडतो.

आतां कोणी म्हणेल, झुडूप तोडलें तर पांखरूं शेजारच्या झुडपावर जाईल. हें तितकें सोपें नाहीं. हिरवट वटवट्याचेंच पाहा. तो हिंवाळ्यांतहि आपली हद्द राखतो आणि दुसरा आला कीं ओरडून त्यास हुसकावतो. शेजारच्या बाकावर आधींच कोणी बसलेलें असतें.

२०१५ सालीं खाडीच्या कांहीं भागास अभयारण्याचा दर्जा मिळाला. २०२२ सालीं खाडीचें नांव रामसर यादींत आलें. तिवरांसहि न्यायालयानें संरक्षण दिलें. उरते ती बांधांची, तणाची, झुडपांची कड. २०२४ सालीं राज्य मंत्रिमंडळानें कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारें २५५.९ एकर जमीन धारावी पुनर्विकासांतील घरांसाठीं घेण्यास संमति दिली. माणसास निवारा हवा, याविषयीं दुमत नाहीं. परंतु अशा जमिनीस 'पडीक' म्हणण्यापूर्वीं तेथें कोण राहतें, हें पाहणें हेंहि आपलें कर्तव्य होय.

तें पाहावयाचें तर योग्य ऋतूंत पाहावें. हे पाहुणे सप्टेंबर-आक्टोबरांत येतात व मार्च-एप्रिलांत परततात. मे महिन्यांत पाहणी केल्यास जागा रिकामीच दिसावयाची. म्हणून माझें एवढेंच सांगणें आहे कीं, या बांधांवरची शिरगणती डिसेंबरांत व्हावी. आणि काय मांडावें व काय राखावें, हें त्यानंतर ठरवावें.