धक्का कोणासाठी?

(१९९८च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘कॉम्प्युटर क्षेत्रातील संधी’ यावर बोलायला सांगितलं होतं. ते तुमची मुलं माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी आज होडीत चढण्या-उतरण्याबद्दल बोलणार आहे. लासुर्ण्यात होडीचं काय काम, असं मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणणारच. आपल्याकडे पाणी म्हणजे नीरा डावा कालवा आणि उसाची पाळी. पण शेजारचं वालचंदनगर ज्यांच्या नावानं वसलं, त्या वालचंद हिराचंदांच्या सिंधिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ला मुंबईहून लंडनला निघाली होती. देश तोच दिवस सागरी दिन म्हणून पाळतो. तेव्हा आपला बोटीशी अगदीच संबंध नाही असं नाही.

माझं सासर अलिबागकडचं. त्यामुळे गेटवे ते मांडवा हा माझा पंधरा वर्षांचा रस्ता. मुंबईत मोठ्या भरतीच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटरनं वरखाली होतं, म्हणजे जवळजवळ दीड मजला. बोट पाण्याबरोबर खाली जाते, दगडी पायऱ्या जागच्या जागी राहतात, आणि ओहोटीला उघड्या पडतात त्या शेवाळलेल्या. गर्दीच्या वेळी बोटी एकमेकींना खेटून लावतात. मग पहिल्या बोटीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. एका जुन्या धक्क्यावर माझ्या सासूबाईंचा पाय घसरला. खलाशानं दंड धरला म्हणून वाचल्या. तेव्हापासून त्या वडखळवरून एस.टी.नं येतात. म्हणतात, “वेळ लागतो, पण जमीन हलत नाही.”

गेटवेची कमान बांधली ती १९११ साली पंचम जॉर्ज राजा इथं उतरला त्याची आठवण म्हणून, आणि ती खुली झाली ४ डिसेंबर १९२४ला. राजा एकदा येऊन गेला. आता तिथून वर्षाला तीस लाखांहून जास्त माणसं बोटीत चढतात. याउलट भाऊचा धक्का. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य या मराठी माणसानं तो १८४१मध्ये बांधला. लोक त्यांना भाऊ म्हणायचे, तेच नाव राहिलं.

आता गेटवेजवळ रेडिओ क्लबपाशी महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची नवी जेट्टी होते आहे, खर्च २२९ कोटी. कुलाब्यातले रहिवासी कोर्टात गेले. जुलै २०२५मध्ये उच्च न्यायालयानं कामाला परवानगी दिली, पण अटी घालून. आराखड्यातल्या प्रेक्षागृहाच्या पायऱ्या बोटीची वाट पाहणाऱ्यांना बसण्यापुरत्याच वापरायच्या, खाण्याच्या जागी पाणी आणि पाकिटबंद पदार्थच मिळायचे. मला या अटी फार आवडल्या. रहिवाशांचं वाहतुकीचं म्हणणं खोटं नाही, त्या गल्ल्या मी पाहिल्यात. तरी जेट्टी हवीच. फक्त दीडशे गाड्यांचं पार्किंग आणि व्हीआयपी कक्ष हे आधी डोळ्यांत भरतं, आणि मी मात्र शोधत असते की सासूबाईंनी पाय कुठं ठेवायचा.

याचं उत्तर काही अवघड नाही. कोचीची वॉटर मेट्रो एप्रिल २०२३मध्ये सुरू झाली. तिथं धक्काच तरंगता आहे. पाणी चढलं की तोही चढतो, त्यामुळे तो बोटीच्या पातळीलाच राहतो. व्हीलचेअर सरळ आत जाते. फाटकावर माणसं मोजली जातात, शंभर झाली की फाटक बंद.

हे मोजणं मला, प्रोग्राम लिहिणारीला, सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १८ डिसेंबर २०२४ला एलिफंटाला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली. पंधरा माणसं गेली. धडक हा काही धक्क्याचा दोष नव्हे. पण बोटीला परवाना होता चौऱ्याऐंशी प्रवासी आणि सहा कर्मचाऱ्यांचा, आणि आत होती शंभराच्या वर. ही मोजणी समुद्रात होऊ शकत नाही, ती धक्क्यावरच व्हायला हवी.

आता आपल्याकडे येते. माझी आत्या कुगावला दिलेली. उजनीचा फुगवटा मधे, अलीकडे इंदापूर, पलीकडे करमाळा. लहानपणी आम्ही कळाशीहून होडीनं जायचो. धक्का म्हणजे चिखलात टाकलेली एक फळी. चपला हातात, पिशवी डोक्यावर, शेजारी कुणाची तरी मोटारसायकल. पाऊस चांगला झाला की पाणी वर, उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली की काठ कुठल्या कुठं सरकायचा, आणि फळीही त्याच्या मागं जायची. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

२१ मे २०२४च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला येणारी होडी वाऱ्यात उलटली. सहा जण बुडाले, त्यात लहान मुलंही होती. एकटा माणूस पोहून काठाला लागला. त्या रात्री आत्याला फोन लागेपर्यंतचा एक तास मला अजून आठवतो. ती घरीच होती. ज्यांचे फोन लागलेच नाहीत, ती माणसंही आपल्याच भागातली.

शिरसोडी-कुगाव पूल मंजूर आहे, मग धक्का कशाला, असं तुमच्यातले काही जण म्हणाल. पूल हवाच, पण तो एका जागी होईल. कुंभारगावला फ्लेमिंगो बघायला येणारी माणसं होडीतच बसणार, आणि मासेमारही पाण्यावरच राहणार. गेटवेसारखा पक्का धक्का इथं बांधला तर सहा महिने तो कोरड्यात उभा राहील. इथं कोचीसारखा तरंगता हवा, काठाबरोबर सरकणारा. सोबत काठावरच लाइफ जॅकेटं, वाऱ्याच्या दिवशी लाल झेंडा, आणि चढणाऱ्याचं नाव लिहून घेणारा एक माणूस. त्याला ॲप नको, दोन रुपयांचं पेन आणि वही पुरे. हे मी सांगते आहे, जिचं पोट ॲपवर चालतं!

आपल्या बॅचमध्ये दोन माजी सरपंच आहेत, एक ठेकेदार आहे, आणि कारखान्यात वेल्डिंग करणारे तिघं. जलसंपदा विभागाचा अर्ज मी लिहून आणलाय, तो सरांनी तपासून द्यावा. माझ्या शुद्धलेखनावर त्यांचा अजूनही विश्वास नसेल. तराफा किती वजन पेलेल याचा हिशोब मात्र सिव्हिलवाल्यानं करायचा, ते माझं काम नाही.

पुढच्या रविवारी सकाळी कळाशीला जाऊन जागा बघायची आहे. कुणाची गाडी येणार, ते जेवताना सांगा. आत्याला मी फोन केलाय, ती पलीकडच्या काठावर येऊन थांबणार आहे.