वास्तू आणि भूमी : एकाच विद्येची दोन अंगे



वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन लेण्यांत डोंगर कोठे संपतो आणि मंदिर कोठे सुरू होते, हे सांगणे कठीण आहे. आजच्या शिक्षणात मात्र ही सीमा ठळक आहे. भारतात वास्तुकलेची पदवी ५ वर्षांची. भूदृश्य-वास्तुकला प्रामुख्याने त्यानंतर, पदव्युत्तर स्तरावर शिकविली जाते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दोन्ही विषयांचे संयुक्त अध्ययन करता येते. तेथील अध्यापक इयान मॅकहार्ग यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात, प्रथम भूमी, जलप्रवाह व वनस्पती जाणाव्यात, मग बांधावे, हा विचार मांडला. दोन्ही विद्या एकत्र शिकणारा विद्यार्थी जोते आखण्यापूर्वी उतार, निचरा आणि झाडांची मुळे पाहतो.

पृथ्वीकाय, अप्काय व वनस्पतिकाय जीव मानणाऱ्या जैन समाजासाठी हा केवळ सौंदर्याचा विषय नव्हे; तो अहिंसेचा आचार आहे. दोन विद्यांना वर्षे अधिक लागतात, खर्चही वाढतो. जिनालये व धर्मशाळा उभारणाऱ्या समाजाच्या विद्यादानाचा ओघ अशा विद्यार्थ्यांकडेही वळावा, हीच सुवर्णमहोत्सवी शुभकामना!