तंबू घेऊन तापीच्या उगमापर्यंत
(प्रभागसंघाच्या मासिक सभेत क्षेत्र समन्वयकाने केलेले भाषण, रावेर)



आज मी कर्जाच्या हप्त्यावर बोलणार नाही, तेव्हा आधी जरा सैल बसा. मागच्या सभेत तुम्हीच विचारलं होतं, "मॅडम, जानेवारीत पाच दिवस कुठे गायब होत्या?" त्याचं उत्तर आज देते.

मी आणि माझे मिस्टर मोटारसायकलवर तापी नदीच्या उगमाला जाऊन आलो. सोबत तंबू, दोन चादरी, छोटा गॅस, एक पातेलं आणि घरची केळी. निघताना शेजारच्या आजींनी विचारलं, "काबरं जाता व माय? नवस आहे का?" मी म्हटलं, "नाही आजी, नुसतं बघायला." त्यांना ते काही पटलं नाही. सासूबाईंनाही पटलं नव्हतं. बाईमाणसाने दवाखाना, लग्न, मयत आणि देव सोडून घराबाहेर पडायचं म्हणजे कारण द्यावंच लागतं. तुमच्यापैकी किती जणी नुसतं बघायला म्हणून घराबाहेर पडल्या आहेत? हात वर करा. बघा, दोनच हात.

पहिला थांबा बऱ्हाणपूर. आपण तिथे कापड घ्यायला, लग्नाला जातो आणि परत येतो. यावेळी आम्ही कुंडी भंडारा पाहिला. साधारण 1615 साली, अब्दुल रहीम खानखाना तिथे सुभेदार असताना ही योजना झाली. सातपुड्यातून जमिनीत मुरणारं पाणी एकमेकींना जोडलेल्या विहिरींमधून, मोटार नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर शहरापर्यंत आणलेलं. आपल्याकडे केळीसाठी बोअर दरवर्षी खोल जातं. त्याच सातपुड्याचं पाणी त्या लोकांनी किती जपून घेतलं, हे बघून मी गप्प झाले.

तिथून देडतलाईमार्गे धारणीकडे. धारणीच्या अलीकडे एका शेतकरी काकांच्या खळ्यात, त्यांना विचारून, तंबू टाकला. आणि तिथेच आमचं भांडण झालं! तंबू लागला तसे मिस्टर आडवे झाले आणि म्हणाले, "चहा टाक ना." दिवसभर गाडीवर मीही बसले होते, माझीही कंबर गेली होती. मी म्हटलं, "घर सोडून आले, चूल सोबत आली, मग मी फिरायला आले की नुसती जागा बदलली?" अर्धा तास कोणी बोललं नाही. मग ते उठले, चहा केला, साखर जास्त पडली, तो मी प्यायले. त्या रात्री ठरलं, एका दिवशी स्वयंपाक मी, भांडी ते. दुसऱ्या दिवशी उलटं. घरी आल्यावरही आठवड्यातले दोन दिवस ते चालू आहे. सासूबाई पहिल्या दिवशी रुसल्या. आता म्हणतात, "त्याची खिचडी बरी होते."

दुसऱ्या दिवशी मेळघाटातून गेलो. हे व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, 1973-74 मध्ये देशात जे पहिले नऊ झाले त्यातलं एक. म्हणून तिथे तंबू नाही आणि अंधारात प्रवास नाही, हे आधीच ठरवलं होतं. हरिसाल, सेमाडोह करत जाताना चाक पंक्चर झालं. एका कोरकू ताईने अंगणात बसवलं, पाणी दिलं. तिची बोली मला येत नव्हती, पण "तुमचा बचत गट आहे का?" हे मात्र दोघींना लगेच समजलं!

परतवाडा, बैतूल करत तिसऱ्या दिवशी मुलताईला पोचलो. जुनं नाव मूलतापी. गावाच्या मधोमध कुंड आहे, काठाला देवळं आहेत. तापीचा उगम तो हाच. आपल्याकडे चांगदेवला पूर्णा येऊन मिळते, हतनूर धरणाचं पाणी पसरतं, तेव्हा नजर पोचत नाही एवढी ती मोठी होते. पुढे सुरतेजवळ समुद्राला मिळेपर्यंत 724 किलोमीटर. आणि सुरुवात एका कुंडातून. आपले गटही दहा-दहा रुपयांतूनच सुरू झाले, ते तेव्हा आठवलं.

आता हिशोब, कारण तुम्ही विचारणारच. पेट्रोल 1600, खाणं 1100, धर्मशाळा 400, पंक्चर 150. एकूण 3250 रुपये. तंबू मैत्रिणीचा, उसना. पैसे कुठून? आम्ही दोघांनी दर आठवड्याला 50-50 रुपये वेगळ्या डब्यात टाकले, 33 आठवडे. जमले 3300. शिल्लक 50.

केरळात कोच्चीला विजयन आणि मोहना नावाचं चहावालं जोडपं होतं. रोज 300 रुपये बाजूला टाकायचे, कमी पडले तर कर्ज काढायचे, आले की फेडायचे. असे त्यांनी वीसहून जास्त देश पाहिले. 2021 मध्ये विजयन गेले, पण दोघांचं बघायचं राहिलं नाही.

एक अडचणही सांगते, लपवत नाही. बाईला वाटेत संडासची सोय हा मोठा प्रश्न आहे. आम्ही मुक्काम तिथेच केला जिथे घर होतं आणि घरात बाई होती. आधी तिच्याशी बोलायचं, मग तंबू. पाळीच्या तारखाही बघूनच निघाले. निघण्याआधी रोजचा मुक्काम घरी लिहून दिला होता.

माझं मागणं एवढंच. पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने ठराव घ्यावा, नेहमीच्या बचतीला हात न लावता आठवड्याला 10 रुपयांचा फिरायचा डबा. त्याची वही वेगळी. मैत्रिणींबरोबर जा, नाहीतर नवऱ्याबरोबर जा. लांब नको, आधी चांगदेवचा संगम, नाहीतर आपल्याच तालुक्यातलं पाल. आणि कोणी विचारलं "काबरं?", तर सांगा, "बघायला."

नवऱ्याबरोबर गेलात तर पहिला चहा कोण करणार, ते मात्र घरूनच ठरवून निघा!