पित्त, पित्ताशय आणि माझे बत्तीस डबे
(मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी काही डॉक्टर नाही. इंदुरात माझा पोळीभाजीच्या डब्यांचा व्यवसाय आहे, हे तुम्हांला ठाऊकच आहे. गेल्या आषाढात माझं पित्ताशय काढलं. "त्यावर चार शब्द बोला," असं वहिनींनी सांगितलं, म्हणून उभी आहे.

आधी माझी चूक सांगते. आपल्याकडे छातीत जळजळलं, करपट ढेकर आली, डोकं दुखलं, की म्हणायचं 'पित्त झालं'. चैत्रात एका लग्नाचं जेवण जेवून आले आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ सुरू झाली. ती पार पाठीत, खांद्याच्या फऱ्यापर्यंत गेली. मी आमसुलाचं पाणी घेतलं, एक गोळी घेतली. दोन-तीन तासांनी कळ थांबली. पुढच्या दोन महिन्यांत असं तीनदा झालं आणि तीनदा आमसुलंच भिजत घातली. चौथ्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझे डोळे पिवळे दिसताहेत." तेव्हा कुठे सोनोग्राफी झाली.

डॉक्टरांनी समजावलं की आपण ज्याला पित्त म्हणतो ते बहुतेक वेळा जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त यकृतात तयार होतं. पित्ताशय म्हणजे ते साठवायची लहानशी पिशवी. तिच्यात खडे झाले आणि तेलकट जेवणानंतर ती आकसली, की खडा तोंडाशी अडकतो आणि कळ येते. माझा एक खडा पुढे सरकून नळीत बसला होता, म्हणून कावीळ. तसाच राहिला असता तर स्वादुपिंडाला सूज येऊन जिवावर बेतलं असतं, हे ऐकल्यावर माझे हातपाय गार पडले. आधी तोंडातून दुर्बीण घालून नळीतला खडा काढला, मग पित्ताशयाचं ऑपरेशन झालं.

"अवयवच काढून टाकायचा?" असं सासूबाईंना वाटलं. पण बर्लिनमध्ये लांगेनबुख नावाच्या सर्जननं १८८२ सालीच हे ऑपरेशन केलं होतं, आणि पिशवी नसली तरी यकृत पित्त करतच राहतं, ते थेंबाथेंबानं आतड्यात उतरतं. पूर्वी पोटावर मोठा छेद घेत. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उदवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून हे ऑपरेशन सुरू केलं. माझ्या पोटावर चार बारीक छेद आहेत. दुसऱ्या दिवशी मी घरी होते.

आणि इथेच फसगत होते, मैत्रिणींनो. बाहेरून जखमा एवढ्याशा दिसतात, त्यामुळे घरच्यांना वाटतं बरी झाली आणि आपल्यालाही तसंच वाटतं. पहिले दोन-तीन दिवस पोटापेक्षा खांदाच जास्त दुखला. ऑपरेशनच्या वेळी पोटात वायू भरतात, त्यामुळे तसं होतं. घरातल्या घरात चालत राहिल्यानं तो थांबला. मऊ भात, मुगाचं वरण, ताक, असं थोडं थोडं चार-पाचदा खाल्लं. एक-दोन आठवडे पोट जरा पातळ राहिलं, तेही सुधारलं.

नवव्या दिवशी मात्र मी वेडेपणा केला. माझे बत्तीस डबे बंद होते. गिऱ्हाइकं तुटतील, हाताखालच्या दोघींच्या पगाराचं काय, हेच डोक्यात. कुणी बघत नाही असं पाहून तेलाचा १५ किलोचा डबा उचलला. बेंबीपाशी अशी चमक आली की खालीच बसले. डॉक्टर रागावले. "कातडी आठवड्यात जुळते, आतला थर जुळायला वेळ लागतो. तिथून हर्निया झाला तर पुन्हा ऑपरेशन," म्हणाले. नशिबानं काही झालं नव्हतं.

मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं कामाचे टप्पे पाडले. बसून काम असणाऱ्यांना साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत जाता येतं. माझं काम उभ्याचं आणि ओझ्याचं. तिसऱ्या आठवड्यापासून खुर्चीवर बसून भाजी चिरणं आणि हिशेब, डबे निम्मे. कणीक मळणं, मोठी पातेली उतरवणं, गॅसची टाकी सरकवणं सहा आठवडे बंद. अचानक ब्रेक दाबताना पोट दुखत नाही अशी खात्री होईपर्यंत स्कूटीलाही हात लावला नाही. मोठा छेद घेतलेल्यांना याहून जास्त दिवस लागतात, तेव्हा माझे आकडे आपल्याला लावू नका, आपल्या डॉक्टरांना विचारा. ताप, वाढत जाणारं दुखणं, सतत उलट्या, पिवळे डोळे, गडद लघवी, जखमेतून पू, यांतलं काहीही दिसलं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गिऱ्हाइकं? बत्तीसांपैकी दोन गेली. तीस थांबली. एक आजोबा तर महिनाभर खिचडी करून खात होते, पण दुसरा डबा लावला नाही त्यांनी. ज्या भीतीपायी मी पोटाशी खेळले, ती भीती दोन डब्यांची होती.

भाद्रपदात मंडळाचे उकडीचे मोदक दरवर्षीसारखे माझ्याकडेच होते. मी पाटासमोर बसून पाऱ्या केल्या, उकड मळली दुसरीनं, मोदकपात्र उतरवलं माझ्या मुलानं. नैवेद्य वेळेवर झाला. 'मी उठले नाही तर घर चालणार नाही' हा आपला समज आहे ना, तो मला या पिशवीबरोबरच काढून टाकावा लागला.

तुमच्यापैकी कुणी आजही रात्रीच्या कळेवर आमसुलाचं पाणी पीत असेल, तर तिनं उद्या सोनोग्राफी करून घ्यावी. सोबत हवी असेल तर मला सांगा, मी येईन. तिळगूळ घ्या, गोड बोला.