सूट कुणाच्या नावावर?



आमच्या गावची यात्रा चैत्रातली. पहिल्या रात्री छबिना, दुसऱ्या दिवशी दुपारी हगामा. बारक्या पोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर, मग नारळावर, मग पन्नास, शंभर, पाचशे असं चढत चढत दिवेलागणीला शेवटची मोठी कुस्ती. नगर जिल्ह्यात हगामा न पाहिलेला माणूस विरळा, तेव्हा त्यात शिरत नाही. मला सांगायचंय ते तिसऱ्या दिवसाचं. त्या दिवशी देवळापुढं हिशेब वाचला जातो.

वाचणारे तात्या. मांडीवर लाल कापडी बांधणीची वही, समोर कर्ण्याचा माईक. त्यांच्या वाचनातली एक गोष्ट लहानपणी मला कळायची नाही. मंडपवाल्याचं बिल व्हायचं नऊ हजार आणि देवाचं काम म्हणून तो सातच घ्यायचा. तात्यांनी 'मंडप, सात हजार' म्हणून पुढं जायला हरकत नव्हती. पण ते खर्चात पुरे नऊ वाचायचे आणि जमेला मंडपवाल्याच्या नावावर दोन हजार वर्गणी. सोडलेला पैसासुद्धा कुणीतरी दिलेलाच पैसा, हे त्या मॅट्रिक नापास माणसाचं हिशेबशास्त्र होतं.

पुढं मोठमोठ्या खेळांचे हिशेब वाचताना मला तात्या आठवत राहिले.

अमेरिकेत धंदेवाईक संघांचे मालक शहरांशी उघड घासाघीस करतात. स्टेडियम बांधून द्या, नाहीतर संघ दुसऱ्या गावाला नेतो. 2008 साली सिएटलचा बास्केटबॉल संघ असाच उठून ओक्लाहोमा सिटीला गेला. 2023 मध्ये नेवाडा राज्यानं ओकलँडचा बेसबॉल संघ लास व्हेगासला आणण्यासाठी 38 कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. योग्य की अयोग्य यावर तिथं भांडणं होतात, पण निदान भांडायला एक आकडा असतो.

त्याच देशात ग्रीन बे नावाचं लाखभर वस्तीचं गाव आहे. तिथला फुटबॉल संघ (त्यांचा फुटबॉल, हातात घेऊन पळायचा) कुण्या धनिकाचा नाही, भागधारकांचा आहे. भागाला लाभांश नाही, बाजारात तो विकता येत नाही. सहकाराची आठवण आपल्याला येणारच. 1950 साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर कारखाना उभा केला, ती गोष्ट या जिल्ह्यानं जगाला सांगितलेली आहे. तर या ग्रीन बेच्या संघालाही स्टेडियम दुरुस्तीसाठी सरकारी पैसा लागला. 2000 साली लोकांचं मत घेतलं. अर्धा टक्का विक्रीकर बसवायचा की नाही? शंभरातल्या 53 जणांनी हो म्हटलं, 47 जणांनी नाही. कर बसला, काम झालं आणि 2015 साली कर उठला. बसलेला कर उठतो, हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

आपल्याकडं आयपीएलच्या संघाला कुणी सरकार चेक फाडून देत नाही. आपण सूट देतो. जमिनीत सूट, पाण्यात सूट, बंदोबस्तात सूट.

बंदोबस्ताचंच घ्या. सामना असला की शेकडो पोलीस मैदानाभोवती उभे राहतात. त्याचं शुल्क क्रिकेट संघटनेनं भरायचं असतं. मुंबई क्रिकेट असोसिएशनकडं या शुल्काचे 14 कोटी 82 लाख रुपये थकल्याचं माहिती अधिकारातून बाहेर आलं. मग 26 जून 2023 ला राज्य सरकारनं निर्णय काढून दर खाली आणले, आणि तेही 2011 पासून, म्हणजे बारा वर्षं मागं जाऊन. माहिती अधिकार कार्यकर्ते अनिल गलगली यांनी याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. 2024 मध्ये सुनावणीत खंडपीठानं सरकारला विचारलं ते साधं होतं: झोपडपट्टीतल्या माणसाची पाणीपट्टी वाढवता, आणि इतक्या श्रीमंत क्रिकेट मंडळाला सवलत कशासाठी? भारतीय क्रिकेट मंडळ किती श्रीमंत, तर आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे नुसते प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटींना गेले.

मी खेळाचा वैरी नाही. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातला. त्यांच्या सामन्यांपायी मी ऊस तोडायला आलेली टोळी ताटकळत ठेवली आहे. 2024 मध्ये पुणेरी पलटणनं प्रो कबड्डी जिंकली, तिचा कर्णधार अस्लम इनामदार आपल्याच जिल्ह्यातला. ही पलटण पुण्यात खेळते ते बालेवाडीला, सरकारनं 1994 च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बांधलेल्या संकुलात. तयार संकुल भाड्यानं द्यावं, त्यात वावगं काही नाही. 2025 च्या फेब्रुवारीत आपल्या नगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरी झाली तेव्हा मीही गर्दीत उभा होतो. पृथ्वीराज मोहोळ जिंकला. पंचांच्या निकालावरून वादही झाला. गाव खेळावर खर्च करणारच. पण जे सोडलं, ते वर्गणी म्हणून वाचलं पाहिजे. आपल्या सगळ्यांच्या नावावर.

या सवलतींतली सगळ्यात न दिसणारी सूट पाण्याची. 2016 चा एप्रिल आठवा. 12 तारखेला पहाटे मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली, दहा वाघिणी, एकेकीत पन्नास हजार लिटर. स्टेशनावर लोक गाडी बघायला जमले. दुसऱ्याच दिवशी, 13 तारखेला, मुंबई उच्च न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. मुंबईचा अंतिम सामना बंगळूरला गेला. खेळपट्टीला मारायचं पाणी ते काय एवढं, असं तेव्हा बरेच जण म्हणाले. दुष्काळ काही त्या पाण्यानं हटणार नव्हता, हे खरंच. पण तेवढ्या निमित्तानं ते पाणी मोजलं तरी गेलं.

त्याच चैत्रात आमच्याकडं यात्रा झाली. तमाशा रद्द, हगामा मात्र ठेवला. गावाला टँकर दोन दिवसांआड येत होता. तिसऱ्या दिवशी तात्यांनी हिशेब वाचला, शिल्लक सांगितली आणि वही मिटणार, तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एका म्हातारीनं हात वर केला.

"तात्या, आखाड्याच्या मातीला पाणी मारलं, ते कुठं मांडलं?"

लोक हसले. तात्या हसले नाहीत. त्यांनी पाणी मारणाऱ्या पोराला विचारलं, किती मारलं रं? पोरगं म्हणालं, अर्धा टँकर. तात्यांनी वही पुन्हा उघडली, खिशातलं पेन काढलं आणि माईक तसाच चालू ठेवून लिहिता लिहिता वाचलं, "खर्च, पाणी, अर्धा टँकर. जमा, समस्त गावकरी, अर्धा टँकर."