वेबसाइट ग्रंथपालाच्या हाती



बंगळूरला डीआरटीसी नावाची संस्था आहे.
भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी ती १९६२ साली उभी केली.

याच संस्थेने पुढे ग्रंथपालांसाठी डिजिटल ग्रंथालय सुरू केलं.
तेही डीस्पेस या मुक्त सॉफ्टवेअरवर.

आता आपल्या वाचनालयाकडे येऊ या.
वाचनालयाची वेळ बदलली, की आपण फळ्यावर खडूने लिहितो.
वेबसाइटवर मात्र जुनीच वेळ राहते.
कारण ती बदलायला बाहेरच्या माणसाला फोन करावा लागतो.
वाचक उन्हातून येतो, आणि दाराला कुलूप!
मला याचं फार वाईट वाटतं.

म्हणून सांगते, वेबसाइट ग्रंथपालाच्या हाती हवी.

त्यासाठी ड्रुपल किंवा वर्डप्रेस घ्या.
डीस्पेससारखीच ही मुक्त सॉफ्टवेअर आहेत.
ती विकत घ्यावी लागत नाहीत.

लॉगिन केलं, की एक फॉर्म उघडतो.
वरच्या चौकटीत मराठीत लिहा, 'दिवाळी अंक आले'.
खाली मुखपृष्ठांचा फोटो जोडा.
एक बटण दाबा.
झालं, बातमी वाचकांपर्यंत पोचली!

होस्टिंगचा खर्च मात्र येतोच.
अपडेट वेळेवर करा.
बॅकअप विसरू नका.

पुस्तकांची देवघेव ही सॉफ्टवेअर सांभाळत नाहीत.
त्यासाठी कोहा हे सॉफ्टवेअर आहे.
तेही मुक्त.

पुन्हा सांगते, वेबसाइट ग्रंथपालाच्या हाती हवी.
आणि वाचनालयातल्या दोघांची वेगवेगळी लॉगिन करून ठेवा.
एक जण रजेवर गेला, तरी दुसऱ्याला वेळ बदलता येईल.