आज पाने किती?

तंजावरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर ओरत्तनाडु नावाचे गाव लागते. एके काळी ते मुक्तांबाळपुरम् या नावाने ओळखले जाई. दुसरे सरफोजीराजे यांनी मुक्तांबाळेच्या स्मरणार्थ येथे अन्नछत्र उभारले. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला होता. परंतु रामेश्वराच्या वाटेवरील छत्रे तरी आपल्याकडे राहावीत, ही राजांची इच्छा होती. जातपात न पाहता सर्व वाटसरूंना तेथे अन्न मिळते आणि आजाऱ्याची शुश्रूषा होते, असे त्यांनी १८०१ साली रेसिडेंटास लिहिलेल्या पत्रात नमूद केले आहे.

अशा छत्राच्या मुदपाकखान्यातील कारभाऱ्यापुढे रोज पहाटे एकच प्रश्न उभा राहत असला पाहिजे : आज पाने किती मांडावयाची? तांदूळ कमी वैरला, तर दहा कोस चालून आलेला मनुष्य उपाशी परत जाणार; अधिक वैरला, तर त्या दमट हवेत भात संध्याकाळपर्यंत आंबणार. निमंत्रण कोणालाच नाही आणि मज्जाव कोणालाच नाही. मग अंदाज कशाच्या बळावर बांधावयाचा?

येथे संख्याशास्त्रातील ‘वितरण’ ही कल्पना उपयोगी पडते. वितरण म्हणजे अन्नाची वाटणी नव्हे. कोणती संख्या किती वेळा आढळावी याचा तो आराखडा होय. समजा, एका छत्रात रोज सरासरी १०० वाटसरू येतात आणि प्रत्येकजण आपापल्या मर्जीने, दुसऱ्याशी संबंध न ठेवता येतो. अशा आगमनांचे वितरण फ्रेंच गणिती प्वासाँ याने १८३७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. त्याचा गुण मोठा सोयीचा आहे : सरासरीचे वर्गमूळ काढले, की रोजच्या चढउताराचे माप मिळते. १०० चे वर्गमूळ १०. म्हणून शंभरांतील सुमारे पंचाण्णव दिवशी संख्या ८० ते १२० च्या दरम्यान राहील. १२० पाने सिद्ध ठेवली, तर शंभरांतून दोन-तीन दिवसच अन्न कमी पडेल.

आता आडवाटेवरचे एखादे लहान छत्र घ्या. तेथे रोज सरासरी चारच वाटसरू येतात. चाराचे वर्गमूळ दोन. तितकीच निश्चिंती हवी असेल, तर तेथे आठ पाने लागतील. मोठ्या छत्राला एकपंचमांश अधिक पुरते. लहानाला दुप्पट करावी लागते! अशी पंचवीस लहान छत्रे मोडून एक मोठे केले, तर दोनशेंऐवजी एकशेवीस पानांत काम भागेल, हे कोणाही हिशेबनिसाच्या चटकन ध्यानात येईल. मात्र या हिशेबात यात्रेकरूचे पाय धरलेले नाहीत. पुढच्या छत्रापर्यंत त्याला चालवले पाहिजे, आणि ते चालणे खर्चाच्या कोणत्याही रकान्यात पडत नाही.

लहानमोठ्या छत्रांच्या वह्या शेजारी ठेवून तुलना करावयाची, तर अडचण येते. एकीकडे वीस माणसे अधिक आली, दुसरीकडे चार. यांपैकी अधिक विलक्षण दिवस कोणता? गणिती अशा वेळी मापच बदलतो. यालाच रूपांतरण म्हणतात. लॉगरिथमच्या कोष्टकांनी गुणाकाराची बेरीज होते, हे शाळेतून सर्वांना ठाऊक असते. त्याच जातीची ही युक्ती. प्रत्येक संख्येऐवजी तिचे वर्गमूळ लिहावे. १०० चे १० आणि १२० चे १०.९५, अंतर ०.९५. चाराचे २ आणि आठाचे २.८३, अंतर ०.८३. दोन्ही दिवस जवळजवळ सारखेच विलक्षण ठरले. वर्गमूळ घेतल्यावर सरासरी फार लहान नसेल, तर चढउताराचे माप सर्वत्र सुमारे अर्धा होते. बार्टलेट या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली या रूपांतरणाची मीमांसा केली.

मुदपाकखान्याचा हा प्रश्न विद्युत-अभियंत्यांपुढे निराळ्या वेषात आला. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतील एर्लांग याने १९०९ साली दाखवले, की टेलिफोनची बोलावणीही प्वासाँच्याच वितरणाने येतात. १९१७ मध्ये त्याने तारा किती ठेवाव्यात याचे सूत्र दिले. सरासरी १० संभाषणांइतकी मागणी एकाच वेळी असेल आणि शंभरांत एकाहून अधिक बोलावणी नाकारावयाची नसतील, तर १८ तारा लागतात. मागणी १०० झाली, तर सुमारे ११७ पुरतात. छत्राचेच गणित, पानांच्या जागी तारा!

परंतु यात्रेकरू खरोखर एकेकटे येतात काय? काशीहून रामेश्वरास निघालेला मनुष्य सहसा सोबत धरून चालतो. पाच-पाच जणांचे जथे आले, तर सरासरी शंभरच राहते; पण स्वतंत्र आगमने वीस जथ्यांचीच उरतात. विसाचे वर्गमूळ सुमारे साडेचार. त्याची पाचपट बावीस. म्हणजे चढउतार दहाचा बावीस झाला, आणि वीस जादा पानांऐवजी सुमारे पंचेचाळीस लागू लागली. सरासरीवर विसंबणारा कारभारी येथे फसतो, आणि त्याची वही मात्र बिनचूक असते.

संगणकांच्या जाळ्यांत नेमके हेच घडले. टेलिफोनचे सूत्र तेथेही चालेल, असे पुष्कळ काळ गृहीत धरले गेले. १९८९ पासून अमेरिकेतील बेलकोर या प्रयोगशाळेत जाळ्यावरील संदेशांची बारकाईने मोजणी झाली, आणि १९९४ च्या सुप्रसिद्ध निबंधात तिचे निष्कर्ष विस्ताराने मांडले गेले. संदेश जथ्याजथ्यांनी येत होते. क्षणाची मोजणी पाहा वा तासाची, झुंडी विरून जातच नव्हत्या. म्हणून जाळ्यांच्या अभियंत्यांना साठवणुकीची जागा नव्या हिशेबाने आखावी लागली. टेलिफोनवाल्यांनीही दिवसाची सरासरी कधी घेतली नव्हती. त्यांचा हिशेब गर्दीच्या तासाचा असे. ओरत्तनाडुच्या कारभाऱ्यालाही अमावास्येच्या आधीच्या दिवसांची वही वेगळीच काढावी लागली असती.